ईरप्पाच्या गाडीची किंमत

सत्याहत्तर साली सोलापूर स्टेशनाबाहेरच्या स्टँडवर नऊ टॅक्स्या उभ्या असत. त्यांतल्या आठ कायम घाईत असत आणि नववी ईरप्पाची असे. ज्याला वेळेवर पोचायचंय त्यानं टांगा करावा आणि ज्याला नुसतंच पोचायचंय त्यानं ईरप्पाची टॅक्सी करावी, असं बाकीचे ड्रायव्हर गिऱ्हाइकांना समजावून सांगत. ईरप्पाला त्याचं काही वाईट वाटत नसे. पस्तीसच्या वर तो कधी काटा नेत नसे. कुणी फारच मागे लागलं तर म्हणे, "काट्यावर शंभर लिवलंय म्हणून शंभरानं जायचं व्हय? कॅलेंडरवर एकतीस लिवलेलं असतंय, पगार एकदाच हुतो की."

त्यामुळे त्याची गिऱ्हाइकं ठरलेली होती. दवाखान्यातून घरी निघालेल्या बाळंतिणी, मोतिबिंदू काढलेले म्हातारे, आणि लेकीच्या घरी लोणच्याच्या बरण्या घेऊन निघालेल्या बायका. ईरप्पाच्या गाडीत बरणी फुटली असं बाळीवेशीत कधी कुणी ऐकलं नव्हतं.

गाडी एकसष्ट सालची अ‍ॅम्बेसेडर. ती मूळची एका कापडाच्या व्यापाऱ्याची, आणि ईरप्पा तिच्यावर सहा वर्षं ड्रायव्हर होता. सदुसष्ट साली शेटजींनी नवी गाडी घ्यायची ठरवली, तेव्हा ईरप्पानं बायकोच्या, गुरम्माच्या, पाटल्या मोडून जुनी आपणच घेतली. सीट तीच राहिली, स्टेअरिंग तेच राहिलं, ईरप्पाही तोच. पण मागच्या सीटवरून "ए ईरप्पा" अशी हाक यायची, ती "अहो मालक" अशी यायला लागली. पहिल्यांदा तशी हाक आली तेव्हा मालक कोण आलेत ते बघायला त्यानं गाडी बाजूला घेतली होती. ही गोष्ट तो स्वतःच सांगे, आणि दर वेळी सांगताना त्याला नव्यानं हसू येई.

गाडीचा विमा उतरवला तो शिवयोगीमुळे. शिवयोगी म्हणजे गुरम्माच्या मावसबहिणीचा नवरा, ईरप्पाचा साडू. माणसांचे विमे उतरवून नातेवाईक संपले, तेव्हा तो गाड्यांकडे वळला होता. त्यानं नऊ हजारांचा पूर्ण विमा उतरवून दिला, पॉलिसीचा कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दिला आणि सांगितलं, "साडभाऊ, आता निवांत झोपा." कागद इंग्रजीत होता. ईरप्पा चौथीपर्यंत कन्नड शाळेत शिकलेला. त्यानं पिशवी देवाच्या फळीवर ठेवली आणि सांगितल्याप्रमाणे निवांत झोपायला लागला.

दिवाळीनंतरच्या आठवड्यात अक्कलकोटला एक म्हातारं जोडपं सोडून तो संध्याकाळी रिकामा परत येत होता. वाटेत वळसंग गावाच्या अलीकडे समोरून उसाचे दोन ट्रक आले, एकमेकांशी शर्यत लावल्यासारखे. रस्ता एक आणि ट्रक दोन, म्हटल्यावर तिसऱ्याला जागा चरातच होती. ज्या माणसानं जन्मात काटा पस्तीसच्या पुढे नेला नाही, त्याच्या गाडीनं पस्तीसातच दोन कोलांट्या खाल्ल्या. ट्रक निघून गेले. ईरप्पाच्या उजव्या खांद्याचं हाड मोडलं, कपाळ फुटलं. वळसंगच्या लोकांनी त्याला बाहेर ओढून कडेला बसवलं तेव्हा त्यानं मागं वळून पाहिलं. गाडी चरात पालथी पडली होती. चार चाकं आभाळाकडे, आणि त्यातलं एक अजून सावकाश फिरत होतं.

हवालदार आले, पंचनामा झाला. ईरप्पाला बैलगाडीतून हलवायला निघाले तर तो उठेना.

"तिला सरळ करा आदी," तो म्हणाला. "मग मी येतो."

"मालक, हात लोंबतोय तुमचा. गाडी कुटं पळून जातीय?"

"लोंबू द्या. तिला आशी उलटी टाकून न्हाय जायाचं."

ईरप्पाच्या घरात माणूस गेलं की त्याला आडवं ठेवत नाहीत. अंघोळ घालतात, कपाळाला विभूती लावतात, हार घालून भिंतीशी टेकवून बसवतात. बसवूनच नेतात आणि बसवूनच मातीत ठेवतात. आपलं माणूस उताणं-पालथं पडलेलं लोकांनी बघू नये, यासाठी घरातल्या बायका रडणं थांबवून आधी तेवढं काम उरकतात. ईरप्पाच्या मनात त्या वेळी विमा नव्हता, नऊ हजार नव्हते. वळसंगच्या दहा-बाराजणांनी कासरे बांधून गाडी चाकांवर उभी केली, तेव्हा कुठे तो बैलगाडीत बसला.

दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरला बांधून गाडी विजापूर वेशीत मस्तानसाब मिस्त्रीच्या गॅरेजात आली. मस्तानसाबनं गेली दहा वर्षं या गाडीचा प्रत्येक नट हातानं फिरवलेला. गळ्यात हात बांधून घेतलेला ईरप्पा समोरच्या बाकावर बसला आणि मस्तानसाबनं गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या. टप सीटपर्यंत दबलेला. दारं मुडपलेली. आणि सगळ्यात वाईट म्हणजे गाडीची कंबर गेली होती. अ‍ॅम्बेसेडरला वेगळी चासी नसते. वरचं अंग आणि खालचा सांगाडा एकच. तो सांगाडा ड्रायव्हरच्या पायाखाली फाटून पिळवटला होता आणि गाडीचं तोंड जमिनीकडे झुकलं होतं.

"ईरप्पाभाई," मस्तानसाब म्हणाला, "झूट नै बोलता. ये गई."

"ठाव हाय की. मला बी दिसतंय."

"फिर?"

"तोंड तेवडं सरळ कर. लोक बघायला येणार. स्टँडवरची येतील, बाळंतिणी येतील. आशी नगं दिसायला."

मस्तानसाबनं दोन दिवस पैसा न घेता काम केलं. आतून जॅक लावून टप उचलला, हातोडीनं ठोकून बऱ्यापैकी गोल केला. दारं सरळ करून बसवली. कंबर काही केल्या धरेना, तेव्हा फाटलेल्या जागी दोन लोखंडी पट्ट्या वेल्डिंग करून मारल्या आणि वरून रबरी मॅट टाकली. टेकू दिल्याशिवाय बसवलेला देह तरी कुठे सरळ राहतो? गुरम्मानं घागरीनं पाणी आणून गाडी धुतली, ईरप्पाचं वाळलेलं रक्त सीटवरून पुसलं. बॉनेटवर तीन बोटांनी विभूती ओढली आणि झेंडूचा हार घातला. त्या चार-पाच दिवसांत माणसं खरंच येऊन गेली. ईरप्पाच्या गाडीतून घरी आलेली एक पोर तर आता चौथीत होती. तिला घेऊन तिची आई आली आणि दोघी गाडीपाशी उगाच उभ्या राहून गेल्या.

बाराव्या दिवशी पुण्याहून विमा कंपनीचे सर्व्हेअर आले. आगाशे त्यांचं नाव. उंच, बारीक, हातात पट्टी आणि बगलेत फाइल. बरोबर शिवयोगी, नवीन सदरा घालून. आगाशे गॅरेजाच्या दारात आले आणि थांबले.

"हीच का ती अपघाताची गाडी?"

"व्हय साहेब," ईरप्पा म्हणाला.

"हिला हार कोणी घातला?"

"मंडळीनं."

आगाशेंनी टपावर टिचक्या मारल्या. दारं उघडून मिटून पाहिली. खाली वाकून पाहिलं तर वेल्डिंग दिसलं. त्यांनी लिहून घेतलं. मग त्यांनी विचारलं, "गाडीबद्दल काही सांगायचंय?"

गेलेल्याबद्दल विचारल्यावर माणूस जे सांगतो तेच ईरप्पानं सांगितलं. "लई चांगली हुती साहेब. कदी नाव ठेवायला जागा न्हाय दिली. शब्दाची पक्की."

आगाशेंनी तेही लिहून घेतलं.

महिन्याभरानं कंपनीचं पत्र आलं. शिवयोगीनं ते वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं आणि मग खाली बघत सांगितलं. गाडी दुरुस्त होण्यासारखी आहे. बरंचसं काम झालेलंच दिसतं. उरलेल्या दुरुस्तीसाठी तीन हजार एकशे पन्नास रुपये मंजूर.

ईरप्पा मनात हिशोब करायला लागला. तीन हजार घेऊन मेलेल्या गाडीचं करायचं काय? कंपनीनं गाडी गेली असं मान्य केलं असतं तर पैसे एकरकमी हातात आले असते. अक्कलकोटच्या शरणप्पाची जुनी फियाट साडेआठ हजारांना होती. शरणप्पा शब्दाला जागणारा. म्हणाला होता, संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेपर्यंत ठेवतो, त्यापुढं नाही. फियाट मिळाली तर ईरप्पा स्टँडवर जाणार होता. नाहीतर पंचावन्नाव्या वर्षी पुन्हा कुणाच्या तरी गाडीचं दार उघडून उभं राहायचं होतं.

"मी सांगायला पाहिजे होतं," शिवयोगी म्हणाला. "कागदावर लिहिलंय. सर्व्हेअर बघेपर्यंत गाडीला हात लावायचा नाही."

"कुटं लिवलंय?"

शिवयोगीनं पिशवीतून पॉलिसी काढून मागच्या पानावर बोट ठेवलं. मुंगीपेक्षा बारीक अक्षर होतं.

"तुमी वाचलं हुतं?"

"आजच वाचलं," शिवयोगी म्हणाला. साडू खरं बोलला एवढं तरी झालं.

तिघं मिळून विमा कंपनीच्या ऑफिसात गेले. ईरप्पा, शिवयोगी आणि अंगातलं काळं ऑइल घासून घासून लाल झालेला मस्तानसाब. आगाशे त्या दिवशी दुसऱ्या कामासाठी सोलापुरात होते. त्यांनी ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर भांडायला तरी सोपं गेलं असतं.

"ईरप्पा, टप झाला. दारं झाली. वेल्डिंग झालं. मी चाकांवर उभी असलेली, धुतलेली गाडी पाहिली. पालथी पाहिली असती तर डोळे मिटून 'पूर्ण नुकसान' लिहिलं असतं."

"साहेब, वो तो मैंने ऐसाच किया," मस्तानसाब म्हणाला. "दिखने वास्ते. अंदर कुछ नै."

"कंपनीला काय लिहू? दिसण्यासाठी केली?"

मस्तानसाबनं घासून लाल झालेले हात मागं घेतले.

"फाटलेलं मला उघड करून दाखवा," शेवटी आगाशे म्हणाले. "मी पुन्हा येतो. माझ्या डोळ्यांनी पाहिलं तर लिहीन."

घरी आल्यावर ईरप्पानं गुरम्माला सांगितलं. ती भाकरी थापत होती. थापता थापता थांबली. "बेडा," ती कन्नडमध्ये म्हणाली. "नको. एकदा बसवलंय तिला. आता कापायचं?"

"मग काय करू?"

गुरम्मानं भाकरी तव्यावर टाकली. ती करपली तरी तिच्या लक्षात आलं नाही. सकाळी मात्र तीच आधी गॅरेजात जाऊन उभी राहिली.

संक्रांतीला आठवडा होता. आगाशे आले. ईरप्पानं सुकलेला हार उतरवून गुरम्माच्या हातात दिला आणि टॉवेलनं बॉनेटवरची विभूती पुसली. एका हातानं पुसत होता म्हणून वेळ लागला. कुणी घाई केली नाही. मस्तानसाबनं सीट बाहेर काढली, मॅट उचलली आणि गॅस पेटवला.

"तू बाहर जा, ईरप्पाभाई."

"न्हाय. हितंच थांबतो."

पहिली पट्टी सुटली. दुसरी निम्मी कापली गेली तोच आतून कचकन आवाज झाला आणि गाडीचं तोंड वीतभर खाली आलं. दारं आपोआप उघडून लोंबायला लागली. गुरम्मानं पदर तोंडाला लावला. आगाशे गुडघ्यावर बसून फाटलेल्या पत्र्यावर पट्टी धरून मोजत होते. उठले तेव्हा त्यांच्या पँटला ऑइल लागलं होतं आणि त्यांनी ते झटकलंसुद्धा नाही.

"हे पहिल्याच दिवशी का नाही दाखवलंत?"

"पाव्हण्याला कुणी आसलं दाखवतंय व्हय साहेब?" ईरप्पा म्हणाला.

आगाशेंनी पाणी मागितलं. पाणी पिऊन त्यांनी फाइलवर लिहिलं: पूर्ण नुकसान. गाडी गेली, हे सरकारी भाषेत मान्य झालं. ते मान्य होण्यासाठी तिला दुसऱ्यांदा मारावं लागलं, एवढंच.

मग किंमत ठरवायला बसले. तिथेच, बाकावर.

"विमा नऊ हजारांचा असला तरी कंपनी बाजारभाव देते," आगाशे म्हणाले. "सोळा वर्षांची गाडी. अठ्ठावन्नशे."

"बाजारात ठिवलीच नव्हती साहेब. भाव कुनी केला?"

"सगळ्या जुन्या अ‍ॅम्बेसेडरांचा तोच आहे."

"सगळ्या पस्तीसनं चालल्या का?"

आगाशे जरा हसले. "तुम्हाला काय वाटतं?"

"साडेआट. गेल्या वर्षी इंजन नवं केलंय. बोअर केलं, पिस्टन नवं. आठराशे गेले."

"बिल?"

ईरप्पानं मस्तानसाबकडे पाहिलं. मस्तानसाबनं उघड्या गॅरेजाकडे, छपराकडे, चहाच्या किटलीकडे पाहिलं. दहा वर्षांत त्यानं ईरप्पाला एक कागद दिला नव्हता. काम झालं की ईरप्पा पैसे देई, मस्तानसाब न मोजता खिशात टाकी आणि दोघं चहा पीत.

"दोस्तीमें बिल कायकू, साहेब," तो पुटपुटला. मग त्याला काहीतरी सुचलं. "अब्बी लिख देताऊँ. दस साल के."

"नगं," ईरप्पा म्हणाला. "मेल्यावर खोटं नगं."

आगाशेंनी चष्मा काढला, पुसला. "इंजिन चालू होईल?"

मस्तानसाबनं बॅटरी जोडली, डब्यातलं पेट्रोल ओतलं. समोरून हँडल घातलं आणि एक हिसका दिला. दुसरा दिला. तिसऱ्याला इंजिन लागलं. वाकलेल्या, तोंड झुकलेल्या, दारं लोंबणाऱ्या त्या गाडीतून इंजिनाचा आवाज असा एकसारखा आणि मऊ येत होता, की पलीकडच्या दुकानातला माणूस उठून बघायला आला. गुरम्मानं पाठ फिरवली. आगाशे मान कलती करून ऐकत राहिले. रेडिएटरमध्ये पाणी नव्हतं. फार वेळ चालू ठेवणं बरं नव्हतं. मस्तानसाब बंद करायला वाकला, तर ईरप्पानं त्याला हातानं थांबवलं. तो स्वतः उघड्या दारातून आत वाकला आणि चावी फिरवली.

"त्रेसष्टशे," आगाशे म्हणाले. "बिलाशिवाय याच्यापुढे माझा हात जात नाही. गाडी कंपनीकडे जाईल. मला माफ करा."

त्यांचा हात खरंच पुढे जात नव्हता. ईरप्पाला ते कळत होतं, म्हणून त्याला रागही धड येईना.

चेक व्हायला यात्रा उलटून गेली. शरणप्पानं यात्रेनंतर चार दिवस जास्त वाट पाहिली, मग फियाट मोहोळच्या एका माणसाला दिली. तशीही ती साडेआठची होती, आणि वरचे बावीसशे आणायचे कुठून? दोन महिने घरात एक पैसा आला नव्हता. त्रेसष्टशेमधूनही दवाखान्याचे आणि वाण्याचे आधी जाणार होते. गुरम्माच्या हातात आता काचेच्या बांगड्याच होत्या.

चेक घेताना ऑफिसातल्या कारकुनानं एक छापील पावती पुढे केली. ईरप्पानं शिवयोगीला विचारलं, "काय लिवलंय?"

"तुमचं पूर्ण समाधान झालंय, असं लिहिलंय."

"कुनाचं?"

"तुमचं. तसं छापूनच येतं, साडभाऊ. सगळ्यांचं होतं."

ईरप्पानं कन्नडमध्ये सही केली. हात अजून पुरा वर जात नव्हता, तरी सही ठळक आली.

पुढल्या सोमवारी तो खांदा दाखवायला डॉक्टरांकडे गेला. डॉक्टरांनी हात वर-खाली करून पाहिला, हाड छान जुळलंय म्हणाले. मग हात धुताना त्यांनी विचारलं, "ईरप्पा, आता टॅक्सी नाही ना? आमच्याकडे गाडी आहे, चालवायला माणूस पाहिजे. मुलींना शाळेत सोडायचं, मला व्हिजिटला न्यायचं. तुमच्यासारखा सावकाश चालवणारा मिळाला तर बरं."

"चालवीन की."

"पगार किती घ्याल?"

गाडीच्या किमतीसाठी आगाशेंशी आकड्याला आकडा लावणारा ईरप्पा टेबलावरच्या कापसाच्या बरणीकडे बघत उभा राहिला. दोन आकडे सांगून एकावर यायचं, हे डॉक्टरांनीही धरलंच असणार.

"तुमाला काय वाटंल ते द्या," तो म्हणाला.

डॉक्टरांना जरा अवघडल्यासारखं झालं. "दोनशे दहा?"

"बरं."

"उद्या सकाळी सातला या मग."

ईरप्पा साडेसहालाच गेला. फाटक अजून उघडायचं होतं. तो बाहेर उभा राहिला, आणि आतून कुणीतरी "ए ड्रायव्हर" म्हणून हाक मारली, तेव्हा त्यानं लगेच "आलो" म्हटलं.